क्रमशः कथा कशी चालवायची आणि वाचकांना परत काय द्यायचं, माझी सगळी पद्धत

माझ्या कथेच्या चौथ्या भागात एक वाक्य होतं, "कंडक्टरने टण् करून एक घंटी मारली आणि गाडी सुटली." गुरुवारी रात्री ८ ला भाग पाठवला आणि साडेआठला एका वाचक काकांचा मेसेज आला, "ताई, एक घंटी मारली की गाडी थांबते. सुटायला दोन लागतात. आयुष्यभर हेच केलंय." काका एसटीतून वाहक म्हणून रिटायर झालेले. मी तेव्हाच्या तेव्हा वाक्य बदललं आणि पुढच्या भागाच्या खाली दोन ओळी लिहिल्या, की मागच्या भागातली घंटी या काकांनी दुरुस्त करून दिली, त्यांचे मनापासून आभार. नाव घालू का म्हणून आधी विचारलं होतं, ते म्हणाले घाला की. पुढच्या आठवड्यात काकांच्या जुन्या डेपोतले ११ जण गोष्ट वाचायला आले आणि तेव्हापासून माझ्या गोष्टीत एसटीचं काही चुकलं तर मला झोपायच्या आत कळतं.

त्या दिवशी मला जे समजलं तेच या लेखात सांगायचंय. वाचकाला बक्षीस द्यायचं म्हणजे काय द्यायचं, तर त्याने वाचलेलं आपल्यापर्यंत पोचलं याची खूण द्यायची. बाकी वस्तू, चिठ्ठ्या, पुस्तिका हे सगळं त्याच्या मागून येतं. पण त्याच्याही आधी गोष्ट वेळेवर यायला हवी, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सुरू करण्याआधी साठा करा

क्रमशः कथा आपल्याकडे नवी नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात आठवड्या-आठवड्याने येत होत्या, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. तेव्हा छापखाना होता, आज आपल्या हातात फोन आहे, पण वाट बघायला लावायचं असेल तर ठरलेल्या दिवशी माल तयार पाहिजे ही अट तीच आहे.

माझा हिशोब असा, १२ भागांची गोष्ट असेल तर पहिला भाग बाहेर जायच्या आधी ६ भाग पूर्ण लिहून, वाचून, दुरुस्त करून हाताशी पाहिजेत. कारण मध्ये ताप येतो, घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा येतात, गणपतीत पाहुणे असतात, आणि या दिवसांत लिहिणं होत नाही ते नाहीच होत. साठा असला की आपण भाग पाठवत राहतो आणि वाचकाला काही कळतसुद्धा नाही. शेवट काय आहे हे पण आधी माहीत हवं, निदान शेवटच्या प्रसंगाचं चित्र तरी डोळ्यासमोर हवं. लिहिता लिहिता सुचेल असं म्हणून सुरू केलेल्या गोष्टी सातव्या-आठव्या भागात अडतात आणि मग लेखक गप्प होतो, आणि एकदा असा फसलेला वाचक पुढच्या गोष्टीला येत नाही.

एक वही करा. त्यात प्रत्येक पात्राचं वय, गाव, कोण कोणाचं कोण, कोणाला चहात साखर चालत नाही, कोणत्या भागात कोणता वार आहे, सगळं. माझ्या तिसऱ्या भागात अमावस्येची रात्र होती आणि पाचव्या भागात, गोष्टीतल्या चारच दिवसांनी, नायिका भरल्या चांदण्यात स्टँडवर बसलेली. एका काकूंनी बरोब्बर पकडलं. आता मी गोष्टीतलं वर्ष आणि महिना ठरवते आणि कालनिर्णय समोर ठेवून लिहिते, त्यामुळे एकादशी कुठे, बाजाराचा दिवस कोणता, शाळेला सुट्टी आहे का हे आपोआप बरोबर येतं.

एक भाग केवढा आणि कुठे तोडायचा

१२०० ते १५०० शब्द. फोनवर एका बैठकीत, बसमध्ये किंवा कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचून होतो. ३००० शब्दांचा भाग लोक नंतर वाचू म्हणून ठेवतात आणि ते नंतर येत नाही. वर "मागच्या भागात" म्हणून दोनच ओळी द्या, तीन नकोत, कारण नियमित वाचकाला त्या ओलांडून जायच्या असतात.

भाग कुठे तोडायचा यावर मात्र खूप वेळ द्या. दारावर थाप पडली आणि क्रमशः, फोन वाजला आणि क्रमशः, हे एकदा चालतं, दुसऱ्यांदा वाचक वैतागतो कारण दारात दूधवाला निघतो. मी असं करते की भाग अशा ठिकाणी थांबवायचा जिथे वाचकाला एक गोष्ट नक्की कळलीय आणि तिच्यामुळेच नवा प्रश्न पडलाय. माझ्या गोष्टीतली नायिका डेपोत कंट्रोलर आहे, नवरा वारलेला. गाडीत विसरलेल्या वस्तू ठेवायचं एक कपाट असतं, ते ती आवरायला घेते. छत्र्या, एक पायातली चप्पल, शाळेची दप्तरं, आणि मागे एक स्टीलचा डबा. झाकणावर ठोकून नाव घातलेलं, जसं आपल्या सगळ्यांच्या घरच्या भांड्यांवर असतं, ठिपक्या ठिपक्यांचं. धूळ बसलेली असते म्हणून ती पदराने पुसते आणि एकेक अक्षर वाचते. नाव तिच्या नवऱ्याचं आहे, त्याखाली तारीख आहे, आणि ती तारीख त्यांच्या लग्नाच्या आधीची आहे. इथे भाग संपला. तो डबा त्याला कोणी दिला असेल यावर मला त्या आठवड्यात जेवढे मेसेज आले तेवढे आधीच्या सगळ्या भागांना मिळून आले नव्हते, आणि बहुतेकांनी स्वतःच्या घरातल्या एखाद्या भांड्याची हकिगत पण सांगितली, आजीच्या माहेरचं पातेलं, मोडलेल्या लग्नातला तांब्या. ती सगळी मी वहीत लिहून ठेवलीत.

दिवस, वेळ आणि सुट्ट्या

एक वार, एक वेळ, मग बदलायचं नाही. माझा गुरुवार रात्री ८. लक्ष्मीपूजन, विसर्जन, संक्रांत असल्या दिवशी भाग आला तर कोणी वाचत नाही, म्हणून त्या आठवड्याला सुट्टी, पण सुट्टी आधीच्या भागातच सांगायची. न सांगता गायब व्हायचं नाही हा माझा सगळ्यात कडक नियम आहे. दिवाळीत मी क्रमशः थांबवते आणि एक छोटी पूर्ण कथा पाठवते, कारण १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत फराळाबरोबर काहीतरी अख्खं वाचायची सवय आहे, तिथे "पुढील भागात" बरं दिसत नाही.

पोचवायचं कसं

मी व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्ही वापरते. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती यादी, करत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. सुरुवातीला मला वाटायचं लोक वाचत नाहीत, खरं म्हणजे निम्म्यांना भाग पोचतच नव्हता. म्हणून नवीन वाचकाला पहिला मेसेज हाच, "माझा नंबर सेव्ह करा, नाहीतर भाग येणार नाही." ग्रुप करू नका असं मी स्पष्ट सांगेन, चार दिवसांत सुप्रभात आणि फुलांचे फोटो सुरू होतात आणि गोष्ट त्याखाली जाते, शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. चॅनेल केलं तर नंबर दिसत नाहीत, संख्येची अडचण नाही, पण वाचक मोकळेपणाने उलट लिहू शकत नाही आणि माझं तर सगळं त्या उलट लिहिण्यावरच चालतं.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवरच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डनेच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या फोनवर भलतंच दिसतं. आणि फोटो करून, सुंदर बॅकग्राउंडवर अक्षरं टाकून अजिबात पाठवू नका. माझे एक वाचक आहेत, निवृत्त शिक्षक, त्यांना दिसत नाही, ते फोनमधल्या टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, प्रत्येक भाग ऐकतात. फोटोतली अक्षरं टॉकबॅकवर नीट ऐकता येतीलच असं नाही. पहिले दोन भाग मी हौसेने फोटो करून पाठवले होते, तेव्हा सरांनी फोन करून सांगितलं की बाई मला नुसतं "इमेज" एवढंच ऐकू आलं. फार वाईट वाटलं मला. आता मजकूर पाठवते आणि महिन्यातून एक भाग स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड पण करते, पंखा बंद करून, दार लावून, गोधडी टेबलावर घालून म्हणजे आवाज घुमत नाही.

आधीचे सगळे भाग एका जागी क्रमाने असू द्या. सातव्या भागाला आलेला नवीन वाचक पहिला भाग मागतो, तो त्याला एका लिंकवर मिळाला पाहिजे.

वाचकांची नोंद

एक साधी एक्सेल शीट. नाव, गाव, कधीपासून वाचतात, काय लिहिलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "आई एसटी कँटीनला होती", "डब्याचा अंदाज बरोबर निघाला", "सहाव्या भागानंतर गप्प, तब्येत?" असं. यावरून तुम्हाला कळतं कोणाला काय द्यायचं. संख्या किती झाली ते मी फार मोजत नाही.

पण ही माणसांची खाजगी माहिती आहे हे विसरू नका. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, ज्याचं सूत्र सरळ आहे, विचारून घ्या, ज्यासाठी घेतलं त्यालाच वापरा, काम झालं की पुसा. पत्ता मी फक्त काही पाठवायचं असेल तेव्हाच मागते आणि पोचल्याचा मेसेज आला की शीटमधून काढून टाकते. १८ च्या आतलं कोणी वाचत असेल तर पत्ता आईवडिलांकडून घ्या, मुलाकडून नको.

आता बक्षिसं, आधी माझी चूक

पहिल्या गोष्टीच्या वेळी मी जाहीर केलं की जो कोणी भागावर प्रतिक्रिया देईल त्यांच्यातून एकाला ५०० रुपयांचं खरेदीचं कूपन. त्या आठवड्यात प्रतिक्रियांचा पाऊस पडला. "छान", "मस्त", "पुढचा भाग लवकर टाका", एकाने तर पात्राचं नाव चुकवून कौतुक केलं. कूपन एका अशा ताईंना गेलं ज्यांनी त्यानंतर एकही भाग उघडला नाही. आणि ज्या चार-पाच जणी मनापासून लांबलचक लिहायच्या त्या त्या गर्दीत गप्प झाल्या. एकीने नंतर सांगितलं की मी लिहिलं असतं तर कूपनसाठी लिहिलं असं वाटलं असतं. पैशाने मी माझेच चांगले वाचक लांब केले.

तेव्हापासून माझा नियम, बक्षीस कौतुकाला नाही, फॉरवर्ड करण्याला नाही, रेटिंगला तर कधीच नाही. ते गोष्टीत सामील होण्याला. आणि बक्षीस असं हवं की ज्याने गोष्ट वाचलीय त्यालाच ते मोलाचं वाटेल.

सगळ्यात आधी उत्तर. ज्याने चार ओळी लिहिल्या त्याला निदान दोन ओळी, त्याने जे लिहिलं त्याबद्दल. अंगठा पाठवू नका. मी शुक्रवारी संध्याकाळी एक तास फक्त याला देते. मग श्रेय, जसं घंटीच्या काकांना दिलं, कोणती गोष्ट कोणी दिली ते नेमकं लिहायचं. "सर्व वाचकांचे आभार" याने कोणालाच काही मिळत नाही.

मग माझी सगळ्यात आवडती गोष्ट, गाडीचा बोर्ड. माझी कथा डेपोत घडते, म्हणजे दर भागात कुठलीतरी गाडी लागतेच. मी ठरवलं की त्या आठवड्यात ज्या वाचकाने काहीतरी मोलाचं सांगितलं त्याच्या गावाचा बोर्ड पुढच्या भागात लावायचा. जत, आटपाडी, पाटण, चंदगड अशी गावं आली, आणि मग लहान लहान वाड्या-वस्त्या आल्या ज्यांचं नाव छापील गोष्टीत कधी येणार नाही. एका मुलीने लिहिलं की तिच्या आजोबांनी स्वतःच्या वाडीचं नाव वाचून चष्मा काढून पुन्हा लावला आणि परत वाचलं. खर्च शून्य. तुमच्या गोष्टीत गाडी नसेल तर दुकानाची पाटी असेल, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार असेल, पत्रिकेतलं गाव असेल. माणसांची नावं मात्र मी पात्रांना देत नाही. पुढे त्या पात्राला काय करावं लागेल ते कोणाला माहीत, आणि सासू-सुनेच्या प्रसंगात वाचक ताईंचं खरं नाव आलं की त्यांच्या घरात प्रश्न उभे राहतात.

लवकर वाचायला मिळणं हे पण लोकांना फार आवडतं. जे सलग पाच भाग सोबत आहेत त्यांना सहावा बुधवारीच मिळतो. त्यांना एवढंच सांगते की शेवट फोडू नका, आणि दोन वर्षांत कोणी फोडलेला नाही.

पोस्टकार्ड

हे जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं. पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं. त्यावर गोष्टीतल्या पात्राने वाचकाला लिहिलेलं पत्र. माझी कंट्रोलर बाई लिहिते, "आपण विचारलेली छत्री अजून कपाटात आहे. ओळख पटवून घेऊन जावी." ज्या वाचकाने छत्रीबद्दल विचारलं होतं त्यालाच ते कळतं. अक्षर पात्राचं पाहिजे, ती बाई नोंदवही भरणारी आहे म्हणून मी तिचं अक्षर सरळ, उभं काढते, माझं तिरकं आहे. बॉलपेनने लिहा, जेल पेन पावसाळ्यात फुटतं. उजवीकडची पत्त्याची बाजू मोकळी ठेवा. खोटे शिक्के, एसटीचं किंवा सरकारी बोधचिन्ह काढू नका, हौसेनेसुद्धा नाही.

पिनकोड सहाच्या सहा आकडे विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून, आपले मराठी माणूस, पोस्टात मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. एका कवीने दिलेल्या आकड्यांवर आपल्या गोष्टी घरोघर जातात हे मला पोस्टकार्ड पेटीत टाकताना दर वेळी आठवतं. साधं कार्ड असल्यामुळे ट्रॅकिंग नाही, १० पाठवली तर एखादं हरवेल असं धरून चला, वाचकाने नाही मिळालं सांगितलं तर दुसरं लिहा, पण तेच नको, वेगळा मजकूर लिहा.

पुस्तिका

गोष्ट संपली की मी तिची किंवा तिच्या एखाद्या न आलेल्या प्रकरणाची छोटी पुस्तिका काढते. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते, १६, २४, ३२. माझी ३२ पानांची असते, म्हणजे आत ८ ताव आणि वर एक कव्हर. ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) ए४ कागद साधारण साडेचार ग्रॅमचा, ८ कागदांचे ३५ ग्रॅम, २५० जीएसएमचं कव्हर १५-१६ ग्रॅम, सगळं मिळून ५० च्या आसपास. हे वजन आधी काढा कारण टपालखर्च त्यावर ठरतो. अक्षराचा आकार १२ किंवा १३ पॉइंट, त्याहून बारीक नको, आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना जागा लागते. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट आहेत आणि मराठी ल, श नीट दाखवणारा फॉन्ट हवा असेल तर तिरो मराठी बघा. छपाईला ५० प्रतींचा भाव दोन-तीन झेरॉक्स-डिजिटलवाल्यांकडे विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी एक प्रत काढून घरी नेऊन अख्खी वाचा. मी एकदा घाईत तशीच छापायला सांगितली आणि दुकानात फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडताना फॉन्ट बदलला, सगळ्या जोडाक्षरांचे तुकडे झाले, ४० प्रती रद्दीत. फाइल कायम पीडीएफ करून, फॉन्ट आत घालून द्या.

पाठवायला पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा मे २०२५ पासून आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कर, ट्रॅकिंगसकट. ती शैक्षणिक, सांस्कृतिक अशा छापील साहित्यासाठी आहे, आत जाहिरात चालत नाही आणि पुस्तिकेवर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, तेव्हा शेवटच्या पानावर ते घालाच आणि एक प्रत घेऊन काउंटरवर आधी दाखवून या. वाटायच्या पुस्तिकेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. पुढे विकायचं पुस्तक केलंत तर आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, दलालाला पैसे देऊ नका.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मी ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांची नावं आणि काय दिलं ते छापते. "घंटी", "अमावस्या", "कँटीनच्या मिसळीतला रस्सा". लोक आधी तेच पान उघडतात. परदेशातल्या वाचकांना टपाल फार महाग पडतं, त्यांना पीडीएफ आणि माझ्या आवाजातलं एक प्रकरण पाठवते, त्यांची नावं त्या पानावर असतातच.

चिठ्ठी काढायची असेल तर

प्रती कमी आणि मागणारे जास्त असं झालं की चिठ्ठी काढावी लागते. पण त्यासाठी एक रुपयाही घेऊ नका, अगदी टपालखर्च म्हणून पण नाही. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिलं की ती लॉटरी होते आणि परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे. मी एक प्रश्न विचारते ज्याचं उत्तर गोष्ट वाचलेल्यालाच येईल आणि ते शोधून कॉपी करता येणार नाही, जसं की "कंट्रोलर बाईने डबा घरी का नेला नसेल असं तुम्हाला वाटतं?" बरोबर-चूक काही नाही, ज्यांनी मनापासून उत्तर दिलं त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या. शेवटची तारीख, किती प्रती, कधी काढणार हे आधी लिहायचं आणि भाच्याला चिठ्ठी उचलायला लावून व्हिडिओ काढायचा. घरच्यांची आणि जवळच्या मैत्रिणींची नावं त्यात नाहीत हे पण सांगायचं. ज्यांना मिळालं नाही त्यांना त्याच रात्री पुस्तिकेची पीडीएफ.

हक्क आणि पैसे, थोडक्यात

लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, १९५७ चा कायदा आहे, नोंदणी सक्तीची नाही. तरी प्रत्येक भागाच्या शेवटी नाव आणि वर्ष टाका. माझा एक भाग नाव काढून कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला आणि मलाच "वाच, किती छान आहे" म्हणून परत आला. तेव्हापासून मी नाव खाली तर टाकतेच, शिवाय मधल्या एका वाक्यात डेपोचं काल्पनिक नाव येईल असं बघते, म्हणजे ओळखता येतं. वाचकाने सांगितलेली हकिगत वापरायची असेल तर लेखी होकार घ्या, व्हॉट्सॲपवरचा "हो चालेल" पण जपून ठेवा. आणि दिवाळी अंकाला पाठवायची कथा अशी वाटू नका, बऱ्याच संपादकांना अप्रकाशित कथा हवी असते, भाग-भाग करून २०० लोकांना पाठवलेली कथा ते प्रकाशित धरतात. त्या कथा वेगळ्या ठेवा.

पैसे घ्यायला माझी हरकत नाही. लेखकाच्या कष्टाला मोल आहेच. शेवटच्या भागाखाली यूपीआय देऊन ऐच्छिक घ्या, किंवा पुस्तक काढून विका. पण फुकट म्हणून सुरू केलेली गोष्ट नवव्या भागात कुलूप लावून पैसे मागणं मला पटत नाही, ज्याने आठ आठवडे वाट बघितली त्याला आपण शब्द दिलेला असतो. सुरुवातीलाच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. बक्षिसांचा वर्षाचा खर्च आधी ठरवा, माझा ४००० रुपये आहे, त्यात छपाई, टपाल, पाकिटं सगळं बसवते.

गोष्ट संपल्यावर

शेवटचा भाग पाठवला की लगेच नवीन गोष्टीची जाहिरात करू नका, लोकांना ती गोष्ट मनात ठेवू द्या. मी एक महिना गप्प राहते, फक्त उत्तरं देते, कारण शेवटानंतर येणारी पत्रं सगळ्यात मोठी असतात. मग एकच मेसेज, नवीन गोष्ट कोणत्या महिन्यात येईल आणि ज्यांना नको त्यांनी "नको" लिहावं. नको लिहिणाऱ्याला पण आभाराच्या दोन ओळी, आणि नाव काढून टाकायचं.

माझा तो गप्प महिना नुकताच संपलाय. पुढची गोष्ट मुक्कामी गाडीची आहे, जी रात्री शेवटच्या गावाला जाऊन थांबते आणि पहाटे परत फिरते. गाडी कुठल्या गावाला मुक्कामाला न्यायची ते वाचकांना विचारलंय, आतापर्यंत १९ गावं आलीत, आणि घंटीच्या काकांनी त्यातल्या ७ गावांना स्वतः मुक्काम केलाय म्हणून ते रविवारी येऊन चालक-वाहक झोपायचे कुठे, पाणी कुठून आणायचे आणि पहाटे गाव उठवायला हॉर्न किती वेळा द्यायचा ते सगळं सांगणार आहेत.